पाटी-पेन्सिलीपूर्वीचे धडे

शाळा सुरू होऊन पंधरवडा उलटला की अंगणवाडीच्या दारात एक प्रश्न हमखास येतो. मुलाला न्यायला आलेली आई त्याची पाटी हातात घेते, ती कोरी असल्याचे पाहते आणि विचारते, "बाई, शेजारचा मुलगा पन्नासपर्यंत आकडे लिहितो. आमच्याला अजून एक अक्षर येत नाही. दिवसभर इथे नुसता खेळच चालतो का?" सेविकेपाशी या प्रश्नाचे उत्तर असते, पण ते दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे नसते. मग दुसऱ्या दिवशी पाटीवर अ, आ, इ, ई उमटतात, मूल ती गिरवू लागते आणि आईचे समाधान होते.

हे समाधान पुढे महाग पडते. तिसरीच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी अनेक शिक्षकांनी पाहिलेला असेल, की जो फळ्यावरचा उतारा वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतो. पण त्यातील एक ओळ वाचून दाखव म्हटले तर मान खाली घालतो. त्याचा हात शिकला, डोळाही शिकला. मात्र अक्षर म्हणजे आपल्याच तोंडातील आवाजाची खूण आहे, ही गोष्ट त्याला कोणी कळू दिली नाही. तो आळशी नसतो, मंदही नसतो. त्याच्या शिक्षणाचा क्रम उलटा झालेला असतो, आणि तिसरीपासून भूगोल व गणित पुस्तकातून वाचूनच शिकायचे असल्यामुळे ही एक उणीव सर्वच विषयांत पसरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला. पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीचे वर्ग यांची त्यामुळे एक सलग साखळी झाली. पाठोपाठ जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' हे अभियान सुरू झाले. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास २०२६-२७ पर्यंत अर्थ समजून वाचता यावे आणि प्राथमिक हिशेब करता यावा, असे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अशी वाचनाची मापेही त्यात दिलेली आहेत. मापे उपयोगाची खरी. परंतु घड्याळ हातात धरून वाचन घेणाऱ्याने मुलाने काय वाचले हेही त्याला विचारावे, नाहीतर पोपटाचीही परीक्षा घेता येईल.

धूळपाटीपासून अंगणवाडीपर्यंत

हाताने व खेळातून अक्षर शिकविण्याची कल्पना परकी नव्हे. पाटी सर्वत्र पोचण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने अक्षरे काढीत. 'धुळाक्षरे गिरविणे' हा शब्दप्रयोग तेथूनच भाषेत आला. त्या शाळेतील छडी सोडून द्यावी. धुळीची फळी मात्र सोडून देण्यासारखी नाही. बोटाला वाळूचा स्पर्श होतो, चुकलेले अक्षर हाताच्या एका फटकाऱ्याने पुसले जाते आणि चुकीचा डाग मागे उरत नाही.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत खरखरीत कागदाची अक्षरे होती. मुलाने त्यांच्यावरून बोट फिरवायचे आणि त्याच वेळी तो आवाज उच्चारायचा. हा विचार गुजरातेत रुजविण्याचे कार्य गिजुभाई बधेका यांनी केले. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाईंनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ साली तेथे गेल्या आणि त्यांनी गिजुभाईंच्या सहकार्याने या पद्धतीला भारतीय वळण दिले. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

कोसबाडला दोन अडचणी उभ्या राहिल्या, आणि त्यांची उत्तरे आजच्या सेविकेलाही उपयोगी पडतील. माँटेसरी साधने महाग होती. तेव्हा बिया, पाने, शिंपले, काड्या, माती यांतून साधने तयार झाली. दुसरी अडचण याहून अवघड होती. मुले बालवाडीत येतच नसत. कोणी धाकटे भावंड सांभाळी, कोणी गुरे राखी. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, तिला अंगणवाडी म्हटले गेले. आणि गुराख्यांसाठी गुरे चरत तेथेच कुरणशाळा भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे आज देशभर अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सर्वश्रुत आहे; त्यांनी टोपलीत काय काय जमवले होते, ते पाहणे अधिक लाभाचे.

आधी कान

अक्षर डोळ्यांना दाखविण्यापूर्वी शब्द कानांनी सुटा करता आला पाहिजे. यासाठी टाळ्यांचा खेळ पुरेसा आहे. मुले गोलात बसतात, बाई शब्द उच्चारतात आणि मुले त्याचे तुकडे टाळ्यांनी मोजतात. पा-टी, दोन टाळ्या. वा-टा-णा, तीन. को-कि-ळा, तीन. आपापली नावे वाजवून पाहण्यात मुलांना विशेष गंमत वाटते; सर्वांत लांब नाव कोणाचे यावर वर्गात वादही होतो, तो होऊ द्यावा.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेतली पाहिजे. 'कमळ' या शब्दाला मूल बहुधा दोनच टाळ्या वाजवील: क-मळ. 'टोपली' लाही दोनच: टोप-ली. शिक्षकांच्या डोळ्यांपुढे तीन अक्षरे असतात, म्हणून ते मुलाला चूक ठरवितात. वस्तुतः मूल बरोबर ऐकत असते. मराठीत पुष्कळ ठिकाणी अक्षरातला 'अ' लिहिला जातो, पण बोलला जात नाही. म्हणून आरंभी ज्यांत टाळ्या आणि अक्षरे यांची संख्या जुळते असे शब्द निवडावेत: काका, मामी, केळी, पपई, वाटाणा. 'कमळ' सहा महिन्यांनी आले तरी बिघडत नाही.

दुसरा खेळ पोतडीचा. कापडी पिशवीत वाटी, वात, पुडीत थोडी वाळू अशा वस्तू ठेवाव्यात आणि एखादी दोरी मुद्दाम मिसळावी. मुलाने हात घालून वस्तू काढायची, तिचे नाव घ्यायचे आणि आवाजाने वेगळी कोणती ते ओळखायचे. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा असा घोळ असतो. देवनागरीत 'क' चे नावच 'क' आहे, ही आपल्या मुलांची मोठीच सोय आहे. अपवाद च, ज, झ यांचा. 'चाक' मधला च आणि 'चहा' मधला च कानाला निरनिराळे लागतात. 'जाळे' आणि 'जीभ' यांचेही तसेच. एकाच पिशवीत दोन्ही घालू नयेत. इंदूर-ग्वाल्हेरकडील ज्या मुलांच्या कानांवर हिंदीच अधिक पडते, त्यांना हा भेद मुळात नवा असतो. तो हसत-खेळत ऐकवावा, त्यावरून टोकू नये.

मग हात

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील लहान हाडे अद्याप पुरती घडलेली नसतात. पेन्सिल घट्ट दाबून धरलेल्या त्या बोटांना पाच मिनिटांत कळ लागते. हात तयार करण्याची कामे घरात आणि अंगणात पडलेलीच आहेत. चिकणमातीच्या वाती वळणे (आई देवासाठी कापसाच्या वळते तशा), गोळ्या करणे, फुले ओवणे, तांदळातले खडे निवडणे, जुना कागद बारीक फाडून चित्रावर चिकटविणे, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणे. यांतील एकही काम वाया जात नाही. अंगठा व पहिली दोन बोटे यांची जी पकड पुढे पेन्सिलीला लागते, ती येथे तयार होते.

त्यानंतर अक्षर येते, तेही मोठे होऊन. अंगणात खडूने हातभर लांबीचा 'न' काढावा व मुलाने त्यावरून पावले टाकीत चालावे. त्याच रेषेवर चिंचोके मांडावेत. मग धूळपाटी: जुन्या थाळीत कोरडी बारीक वाळू पसरून दोन बोटांनी अक्षर काढणे. खरखरीत अक्षरांसाठी सुतार लाकूड घासायला वापरतो तो पॉलिशपेपर पुठ्ठ्यावर चिकटवावा; तो न मिळाल्यास पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर वाळू भुरभुरावी व वाळल्यावर झटकून टाकावी. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद या कामाला उत्तम, आणि कोणत्याही गावात त्यांची टंचाई नसते. मूल बोट फिरवीत असता ते कोठून सुरुवात करते हे बाईंनी पाहिले पाहिजे. आधी अक्षराचे अंग, मग दंड, शेवटी डोक्यावरची रेघ, हे वळण आरंभीच पडले तर पुढे मोडावे लागत नाही. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचे आणि त्याने ते न पाहता ओळखायचे, हा खेळ तर पहिलीच्या मुलांना इतका आवडतो की तो थांबविणे अवघड होते.

'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतच जावे काय?

मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर असावा, त्याचा क्रम सुंदर आहे. कंठापासून ओठापर्यंत आवाजाची स्थाने त्यात ओळीने येतात. परंतु तो क्रम आवाजाच्या शास्त्राचा आहे, मुलाच्या गरजेचा नव्हे. त्या क्रमाने जाणाऱ्या मुलाला 'मामा' हा शब्द वाचण्यासाठी 'म' येईपर्यंत, म्हणजे काही महिने, थांबावे लागते. तोवर अक्षरांचा उपयोग काय, हे त्याला उमगत नाही.

त्याऐवजी न, म, क, ल, ब ही पाच अक्षरे आणि एक काना घ्यावा. एवढ्यावर नाक, कान, काका, मामा, बाबा, लाल, काम, मका, कमान, बालक हे शब्द तयार होतात. त्यांत 'आ' मिळवला की 'मामा आला' हे पूर्ण वाक्य मूल पहिल्या काही आठवड्यांत स्वतः वाचते. दुसरी वेलांटी दिली की मामी आणि काकीही घरात येतात. पुढचा गट निवडताना घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट आणि ढ अशा दिसण्यात जवळच्या जोड्या एकाच आठवड्यात आणू नयेत. एक पक्के बसल्यावर दुसरे द्यावे.

बाराखडी घोकून घेण्यापेक्षा मुलांनाच अक्षरे करावे. एका मुलीच्या गळ्यात 'क' ची पाटी, एकाच्या हाती पुठ्ठ्याचा काना, दुसऱ्याच्या हाती मात्रा. काना 'क' शेजारी येऊन उभा राहिला की सारा वर्ग 'का' म्हणतो. पहिल्या वेलांटीची पाळी आली की खरी मौज. तिने उभे राहायचे अक्षराच्या आधी, पण तिचा आवाज निघायचा अक्षराच्या नंतर. 'पिशवी' वाचताना मुले जेथे अडखळतात ती जागा हीच आहे, आणि एकदा स्वतः वेलांटी होऊन उभे राहिलेले मूल तेथे फारसे अडखळत नाही. जोडाक्षरांची मात्र घाई करू नये. 'र' एकटाच 'सर्प', 'चक्र', 'ट्रक' आणि 'दऱ्या' या शब्दांत चार वेष घेतो. ते दुसरीचे काम आहे.

नावाची चिठ्ठी हे सर्वांत स्वस्त वाचनपुस्तक होय. प्रत्येक मुलाचे नाव ठळक अक्षरांत लिहून दोरीला अडकवावे; सकाळी आल्यावर मुलाने आपले नाव शोधून 'हजर' च्या खोक्यात टाकावे. आठवडाभरात ते स्वतःचे ओळखते आणि महिन्याभरात मित्राचेही. गैरहजर कोण, हे मग मुलेच सांगतात.

घरची बोली आणि शाळेचे अक्षर

चित्रांच्या तक्त्यात 'क' समोर बहुधा कुत्रा असतो. गोव्यातील लहान मुलाला ते चित्र दाखविले तर ते 'सुणें' म्हणते. कारण घरी कोकणीत त्या प्राण्याला तेच म्हणतात. बेळगाव भागातील कन्नड घरातले मूल 'नायी' म्हणेल. चित्र ओळखले, शब्द बरोबर सांगितला, तरीही बाई 'नाही' म्हणतात. शाळेतील पहिल्याच आठवड्यात मिळालेला हा नकार लहान मुलाच्या मनातून सहजी जात नाही. काही मुले त्यानंतर बोलतच नाहीत, आणि जे मूल बोलत नाही त्याला वाचायला शिकविणे जवळजवळ अशक्य असते.

यावर उपाय साधा आहे. चित्र असे निवडावे की घरचा आणि शाळेचा शब्द एकाच आवाजाने सुरू व्हावा. 'के' साठी केळे घ्यावे: कोकणीत केळें, गुजरातीत केळुं, हिंदीत केला. 'ना' साठी नारळ: कोकणीत नाल्ल, गुजरातीत नाळियेर, हिंदीत नारियल. पणजी, वडोदरे आणि इंदूर या तिन्ही ठिकाणी ही दोन चित्रे चालतील. बेळगावात चालणार नाहीत. कारण कन्नडमध्ये केळ्याला बाळेहण्णु आणि नारळाला तेंगिनकायी म्हणतात. तेथे कानाच्या खेळांसाठी अक्का, अण्णा असे दोन्ही घरांत बोलले जाणारे शब्द घ्यावेत. 'सुणें' म्हणणाऱ्या मुलाला "हो, सुणें, आणि या पुस्तकात त्याला कुत्रा म्हणतात," असे सांगितले की दोन्ही शब्द त्याचे होतात.

लिप्या निरनिराळ्या असल्याचेही भय बाळगू नये. गुजरातीत डोक्यावरची रेघ नाही, कन्नड आणि तेलुगू अक्षरांची वळणे अगदी वेगळी आहेत. तथापि क, ख, ग, घ हा आवाजांचा क्रम आणि काना-मात्रा जोडण्याची रीत या सर्वांत मूलतः एकच आहे. मराठीत आवाज सुटे करायला शिकलेले हैदराबादचे मूल तेलुगू शिकताना पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहत नाही. इंदूरच्या मुलाला हिंदी पुस्तकातला 'ल' आणि मराठी पुस्तकातला 'ल' निराळ्या वळणाचे दिसतील. दोन्ही दाखवून हे एकच अक्षर असल्याचे सांगून टाकावे.

मुलांचे बोललेले त्यांच्यादेखत लिहून दाखविणे, हा पहिली-दुसरीच्या वर्गासाठी सर्वांत फलदायी उपक्रम म्हणता येईल. काल काय झाले, असे विचारावे. एखादे मूल सांगते, "आमची गाय व्याली." शिक्षकांनी तेच वाक्य, त्याच शब्दांत, फळ्यावर मोठ्याने उच्चारीत लिहावे; त्यात बोलीचा शब्द आला तर तोही राहू द्यावा. मग मूल स्वतःचे वाक्य 'वाचते', बाकीचे त्यातील ओळखीचे अक्षर शोधतात. अशी दहा-बारा वाक्ये चित्रांसह कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर उतरवून शिवली की वर्गाचे पुस्तक तयार होते, आणि ते वाचायला कोणालाही सांगावे लागत नाही.

काही खबरदारी

बिया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. तीन वर्षांची मुले चिंचोका नाकात घालतात, हे सेविकांना सांगायला नको. त्या वयाच्या मुलांना बियांऐवजी मोठे शिंपले किंवा बाटल्यांची मोठी झाकणे द्यावीत. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असली तरी तिचे बी अत्यंत विषारी आहे. एरंडाचे बीही तसेच. ही दोन्ही टोपलीत येताच कामा नयेत.

दारात उभ्या असलेल्या आईचा प्रश्न टाळू नये. महिन्यातून एका सकाळी पालकांना वर्गात बसवून घ्यावे. टाळ्यांचा खेळ त्यांच्याकडूनही करून घ्यावा, वाळूत त्यांनाही अक्षर काढायला सांगावे. आजी-आजोबांपैकी एखाद्याने अक्षर-ओळख अर्धवट सोडलेली असते. नातवाच्या नावाच्या चिठ्ठीपाशी ते उगाच रेंगाळताना दिसतात. त्यांना एक चिठ्ठी घरी नेऊ द्यावी.

आपल्याकडील पावसात पुठ्ठ्याची अक्षरे आठवड्यात मऊ पडतात आणि त्यांना बुरशी धरते. मृगापूर्वीच ती पत्र्याच्या डब्यात भरून ठेवावीत, चिंचोके उन्हात खडखडीत वाळवून घ्यावेत आणि धूळपाटीची वाळू मे महिन्यातच चाळून, झाकणाच्या बादलीत भरून ठेवावी. जूनमध्ये कोरडी वाळू मिळत नाही.